तीन ग्रॅमचा वाद

गेल्या जानेवारीत अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या लेक ऑफ द वूड्स या तळ्याच्या गोठलेल्या पाण्यावर माझ्या शेजाऱ्याने मला एक काम सांगितले. ते मी निमूटपणे केले, पण तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. त्याच्या स्नोमोबाइलच्या, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या, क्लचमधली तीन वजने काढून मी प्रत्येकी तीन ग्रॅम जड अशी वजने बसवली होती. त्याआधी पूर्ण थ्रॉटलला त्याचे इंजिन मिनिटाला साडेआठ हजार फेरे घेत असे. नव्या वजनांनंतर ते आठ हजार दोनशेवर आले, म्हणजे त्या जातीच्या इंजिनाची सर्वांत जास्त ताकद जिथे मिळते नेमके तिथे. ६६० फुटांच्या धावेच्या शेवटी रडारगनवरचा वेग ताशी तीन-चार मैलांनी वाढला होता, आणि वाऱ्याचा फायदा-तोटा हिशेबात येऊ नये म्हणून आम्ही धावा दोन्ही दिशांनी घेतल्या होत्या. मी त्याला आकडे दाखवले. त्याने हेल्मेट काढले, भुवयांवरचे हिमकण पुसले, वहीतल्या आकड्यांकडे नीट पाहिले, ते खरे असल्याचे मान्य केले आणि मग शांतपणे सांगितले की गाडी मेल्यासारखी वाटते, जुनी वजने परत घाल.

मी ती परत घातली.

मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून असलेल्या ज्या रोझो गावात मी राहतो, तिथे अशा विषयावर मत नसलेला माणूस सापडणे कठीण. १९५४ साली स्नोमोबाइल बनवणारी पोलारिस कंपनी याच गावात सुरू झाली आणि आजही स्नोमोबाइलचा तिचा कारखाना इथेच आहे. तिच्या संस्थापकांपैकी एडगर हेटीन पुढे बाहेर पडले आणि त्यांनी इथून गाडीने तासा-सव्वातासाच्या अंतरावरच्या थीफ रिव्हर फॉल्समध्ये दुसरी कंपनी काढली. तीच पुढे आर्क्टिक कॅट झाली. एका वैराची दोन्ही टोके इतकी जवळजवळ असल्यामुळे इथल्या कॅफेत हॉकी, गव्हाचा भाव आणि क्लच या तीन विषयांवर कोणीही कोणाशीही, ओळखदेख नसताना बोलू शकतो. स्नोमोबाइलला इथे सगळे नुसते ‘स्लेड’ म्हणतात, आणि मीही आता तसेच म्हणतो. हॉकीतले मला अजून फारसे कळत नाही. क्लचमधले मात्र मला इथे येण्यापूर्वीच थोडेफार कळत होते, आणि त्याचे श्रेय सांगलीच्या मामांना आहे.

मामांचे स्कूटर दुरुस्तीचे गॅरेज होते. पुण्याच्या फिरोदियांनी जपानच्या होंडाबरोबर आणलेली कायनेटिक होंडा ऐंशीच्या दशकात गावात दिसू लागली, तेव्हा बजाजच्या मुठीतले गिअर आणि तिरके करून सुरू करायचे इंजिन यांवर हात बसलेले बहुतेक मेस्त्री तिच्यापासून चार हात दूर राहत. गिअर नाहीत म्हणजे ही बायकांची गाडी, असेही काही जण म्हणत. आज रस्त्यावर पाहिले तर त्यांचे काय झाले ते दिसतेच. मामांनी मात्र पहिल्याच गाडीचे डावीकडचे कव्हर उघडून आतला पट्टा आणि त्याच्या दोन टोकांच्या दोन पुल्या दुपारभर हाताने फिरवून पाहिल्या. मी सुट्टीत तिथे असे आणि बेल्टचा काळा भुगा रॉकेलने धुऊन काढणे हे माझे काम असे. गिऱ्हाइकांची तक्रार ठरलेली असायची: “गाडी नुसती ओरडते, पळत नाही.” मामा गाडी स्टँडवर लावत, ॲक्सिलरेटर पिळत, मान वाकडी करून ऐकत आणि उघडण्याआधीच सांगत, “रोलर चपटे झालेत.” उघडल्यावर खरोखरच त्या गोल रोलरांच्या एका अंगाला घासून सपाटी आलेली दिसे. गोल असताना जे रोलर उतारावर सरळ घरंगळत वर चढायचे, ते सपाटी आल्यावर मध्येच अडकत, पुली पूर्ण मिटत नसे, आणि इंजिन जिवाच्या आकांताने फिरूनही चाकाला त्याचा लाभ होत नसे.

स्नोमोबाइलमध्ये हीच यंत्रणा आहे, फक्त ताकद कितीतरी पटींनी जास्त. दोन वाट्या पाठीला पाठ लावून ठेवाव्यात आणि त्यांच्या मधल्या खाचेत पट्टा बसवावा, तशी तिची पुली असते. वाट्या एकमेकींच्या जवळ सरकल्या की पट्टा बाहेरच्या कडेकडे चढतो, दूर गेल्या की आत मध्याकडे उतरतो. इंजिनाच्या क्रँकवर बसते ती प्रायमरी, आणि साखळीमार्फत ट्रॅककडे, म्हणजे चाकांऐवजी गाडीला बर्फावर पुढे ढकलणाऱ्या रुंद फिरत्या पट्ट्याकडे, ताकद पाठवते ती सेकंडरी. प्रायमरीत तीन वजने असतात. क्लच फिरू लागला की ती बाहेर फेकली जातात आणि सरकत्या वाटीला, म्हणजे तबकडीला, आत ढकलतात. त्यांच्या विरोधात एक स्प्रिंग असते. सेकंडरीत दुसरी स्प्रिंग आणि हेलिक्स नावाचा एक तिरका कापलेला भाग असतो. ट्रॅकवर भार आला की हेलिक्सच्या उतारामुळे सेकंडरी आवळली जाते आणि पट्ट्याला पुन्हा खालच्या गिअरकडे खेचते. स्कूटरमध्ये पट्टा सदैव आवळलेला असतो आणि चाक सोडवण्यासाठी मागे वेगळा क्लच असतो. स्लेडमध्ये तसे काही नाही. इंजिन मंद चालू असते तेव्हा प्रायमरीवर पट्टा सैल लोंबत असतो, आणि साडेतीन-चार हजार फेऱ्यांच्या आसपास तबकड्या त्याला एकदम पकडतात. नवख्या माणसाला तो झटका पाठीत गुद्दा बसल्यासारखा जाणवतो. आमच्या शेजाऱ्याला तो झटका आवडतो, हे इथेच सांगून ठेवतो.

या सगळ्यात कुठेही सेन्सर नाही, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते. आजच्या इंजिनाचा संगणक हवेचे तापमान मोजतो, दाब मोजतो आणि त्याप्रमाणे पेट्रोल कमी-जास्त करतो. क्लचला मात्र यांतले काहीच कळत नाही. त्याला फक्त स्वतःच्या फिरण्याचा वेग आणि ट्रॅककडून येणारा भार, एवढेच ठाऊक असते. उणे पंचवीस अंश सेल्सियसला हवा दाट होते, इंजिन जास्त ताकद काढते, आणि वजने तीच राहिली तर फेरे ठरलेल्या जागेच्या पुढे निघून जातात. टू-स्ट्रोक इंजिनाच्या सायलेन्सरचा फुगीर पाइप फेऱ्यांच्या एका अरुंद टप्प्यातच मदत करतो. त्यातून परत येणारी दाबाची लाट वेळेवर पोहोचली तर बाहेर निसटणारे ताजे मिश्रण ती सिलिंडरमध्ये मागे ढकलते. इंजिन लाटेच्या पुढे पळाले तर ती लाट उशिरा येते आणि फुकट जाते. शेजाऱ्याच्या स्लेडचे नेमके हेच होत होते. त्याचे इंजिन ओरडत होते, आणि त्या ओरडण्याच्या वरच्या टोकाला ताकद कमी होत होती.

थंडीत हे काम करण्याला एक वेगळी शिस्त लागते. बर्फावर जाण्याआधी त्याची जाडी पाहायची. मिनेसोटाचे नैसर्गिक संसाधन खाते स्नोमोबाइलसाठी किमान पाच ते सात इंच स्वच्छ, नव्या बर्फाची शिफारस करते. जानेवारीत या तळ्यावर त्याच्या कितीतरी पट जाड थर असतो, तरी भेगांच्या रेषा आणि दाबाने उचललेले कंगोरे टाळावेच लागतात. मग पाइप तापवून घ्यायचा, कारण थंड पाइपमध्ये ध्वनीची गती कमी असते आणि तेच इंजिन तीच वजने घालून कमी फेरे दाखवते. पहिल्या धावेवर विश्वास ठेवून वजने हलकी करणारा माणूस तिसऱ्या धावेला हमखास गोंधळतो. स्पीडोमीटरवरही विसंबता येत नाही, कारण तो ट्रॅकचा वेग सांगतो आणि ट्रॅक बर्फावर घसरत असतो. म्हणून बाहेरून पाहणारे रडार किंवा जीपीएस लागते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वजन आणि स्प्रिंग एकदम बदलून गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते त्या दिवशीही कळत नाही आणि पुढच्या वर्षीही नाही.

मला सर्वांत आवडणारे काम मार्करचे आहे. तबकड्या आधी अ‍ॅसिटोनने पुसून घ्यायच्या, बेल्टचा भुगा आणि हाताचा तेलकटपणा पूर्ण जायला हवा. मग काळ्या मार्करने मध्यापासून कडेपर्यंत तीन-चार सरळ रेघा ओढायच्या. उणे तापमानात शाई धड उतरत नाही, म्हणून मार्कर काखेत धरून उबवून घ्यावा लागतो. त्यानंतर एक पूर्ण धाव घ्यायची, इंजिन बंद करायचे, क्लच थांबल्याची खात्री करायची आणि गार्ड उचलून पाहायचे. बेल्ट जिथपर्यंत चढला तिथपर्यंत शाई पुसली गेलेली असते आणि त्याच्यावर ती जशीच्या तशी राहते. धातूवर हात धरून ऊबही तपासायची: दोन्ही पुल्या कोमट असतील तर ठीक, तळहात टेकवता येत नसेल तर कुठेतरी पट्टा घसरतो आहे आणि ताकद उष्णतेच्या रूपाने वाया जाते आहे. घसरलेल्या पट्ट्याच्या कडा आरशासारख्या चकाकतात आणि त्यांना जळक्या रबराचा गोडसर, घशात बसणारा वास येतो. सांगलीच्या गॅरेजातला तो वास आणि इथला वास एकच आहे. तिथे त्यात रॉकेल मिसळलेले असे, इथे टू-स्ट्रोक तेल.

वजने बदलायची म्हणजे जाड हातमोजे काढावे लागतात. पातळ रबरी मोज्यांनी जेमतेम एक बोल्ट सुटेपर्यंत बोटे बधिर होतात आणि निसटलेला नट नेमका गाडीच्या पोटातल्या अशा खळग्यात जाऊन पडतो जिथे दोन बोटेही जात नाहीत. स्प्रिंग बदलायची असेल तर प्रायमरीचे झाकण उतरवावे लागते. त्या झाकणावर आणि आतल्या भागांवर फुलीची एक ओतीव खूण असते; परत बसवताना साऱ्या फुल्या एका रेषेत आल्याच पाहिजेत, कारण क्लच त्याच स्थितीत तोललेला असतो, आणि आठ हजार फेऱ्यांना तोल गेलेला क्लच क्रँकचे बेअरिंग खाऊन टाकतो. वजनांवर त्यांचे ग्रॅम कोरलेले असतात, स्प्रिंगांवर रंगाचा पट्टा असतो, हेलिक्सवर अंश. जड वजन घातले की फेरे उतरतात. ढोबळ मानाने एका ग्रॅमला शंभर, पण हा नियम पाळण्यापेक्षा मोडण्याच्याच वेळा जास्त येतात. प्रायमरीची स्प्रिंग सुरुवातीला कडक असली की पकड उशिरा बसते. हेलिक्सचा कोन मोठा केला की गाडी वरच्या गिअरकडे लवकर धावते आणि फेरे खाली येतात. लहान केला की खोल बर्फात थ्रॉटल सोडून पुन्हा दाबल्यावर ती चटकन खालच्या गिअरला परतते. सपाट तळ्यावरच्या शर्यतीत हे परतणे फारसे कामाला येत नाही, झाडांमधून वळणे घेताना त्यावाचून चालत नाही. म्हणून ‘सर्वांत चांगली सेटिंग कोणती’ असे विचारणाऱ्याला मी आधी तो गाडी कुठे चालवतो ते विचारतो.

आता त्या वादाकडे येतो. घरी आल्यावर मी एक हिशेब मांडला. दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेऱ्याला दोनदा पेटते. आठ हजार दोनशे फेऱ्यांना सेकंदाला सुमारे २७३ स्फोट होतात आणि साडेआठ हजारांना सुमारे २८३. पेटीवरच्या काळी एकची कंपने सेकंदाला २७७ असतात. म्हणजे त्याची स्लेड माझ्या वजनांवर काळी एकच्या किंचित खाली गात होती आणि त्याच्या वजनांवर किंचित वर. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये जेवढे अंतर असते तेवढेही या दोन सुरांत नाही. एवढ्याशा फरकासाठी कोणी माणूस ताशी चार मैल सोडून देईल, हे माझ्या बुद्धीला पटेना.

पण फरक सुरात नव्हताच. हे मला पुढच्या रविवारी माझ्याच स्लेडवर दोन्ही वजने घालून पाहिल्यावर नीट कळले. हलक्या वजनांनी इंजिन फेरे घेत वर वर चढत राहते, काटा हलत राहतो, सूर चढत राहतो, आणि चढणारा सूर ऐकला की अंगाला वाटते की आपण अजून वेग घेतो आहोत. योग्य वजनांनी काटा पहिल्या दोन-तीन सेकंदांत आठ हजार दोनशेवर जातो आणि तिथेच खिळतो. आवाज एकच राहतो. झटका नाही, उसळी नाही, आणि खालून बर्फ मात्र वाढत्या वेगाने मागे जातो. तीस, पन्नास, ऐंशी मैल, सगळे एकाच सुरावर. अंगाला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो, आणि त्यातही बदलाचा झटकाच जास्त कळतो. जे सलग आणि नितळ वाढते ते अंगाच्या हिशेबात वाढतच नाही. ज्या क्लचची सेटिंग अगदी बरोबर बसली आहे, तो चालवणाऱ्याला कंटाळवाणा वाटतो. मला स्वतःला तो स्थिर काटा पाहून मनापासून आनंद होतो, पण तो आनंद काट्याकडे पाहणाऱ्याचा आहे. शेजारी काट्याकडे पाहत नाही. तो सत्तरी ओलांडलेला शेतकरी आहे. ज्या काळात गावागावांत कोणीतरी स्लेड बनवत होते, त्या साठ-सत्तरच्या दशकांत तो या यंत्रांवर वाढला. त्या गाड्या धडधडत, धूर ओकत, पट्टे तोडत चालत. त्याला शर्यत जिंकायची नाही. संध्याकाळी चार वाजता सूर्य कलायला लागल्यावर तळ्यावर एक फेरी मारायची आणि गाडीने आपल्याला ओढून नेले असे वाटले पाहिजे, एवढेच त्याचे मागणे आहे.

मग चूक काय होते आहे, असे मी स्वतःला विचारले, आणि तरीही माझी चिडचिड पूर्णपणे गेली नाही. कारण त्यात नुकसानही आहे. गरजेपेक्षा जास्त फेरे म्हणजे जास्त पेट्रोल, जास्त तेल, तापलेला पट्टा. मामांच्या गिऱ्हाइकांना ओरडणारी गाडी नको होती, कारण ओरडण्याचे पैसे त्यांच्या खिशातून जात होते. लीटरला किती पळते हा त्यांचा पहिला प्रश्न असे. इथे तोच आवाज माणूस स्वतःहून, रविवारची करमणूक म्हणून विकत घेतो. दोघांपैकी कोणाला शहाणे म्हणावे हे मला ठरवता येत नाही. मात्र शेजाऱ्याने आकडे नाकारले नाहीत, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आकडे पटत नसले की रडारच बिघडले आहे असे म्हणणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. त्याने आकडे खरे मानले आणि तरी दुसरी वजने निवडली.

दरम्यान माझ्या स्वतःच्या स्लेडचे निराळेच दुखणे निघाले. फेब्रुवारीत काही मित्रांबरोबर वायोमिंगमधल्या टोग्वोटी खिंडीकडे जायचे ठरले होते. खिंडीची उंची ९,६५८ फूट आहे आणि दर हजार फुटांना इंजिन साधारण तीन टक्के ताकद गमावते, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. म्हणजे रोझोच्या सपाटीवरची चौथा हिस्सा ताकद तिथे गेलेलीच धरायची. तेवढ्या विरळ हवेत इथली वजने ठेवली तर इंजिन सात हजारांच्या वर जाण्याआधीच गुदमरेल. तिथे हलकीच वजने लागतात, आणि तिथे ती बरोबर असतात. मी त्यासाठी वजनांचा आणखी एक संच काढून ठेवला होता, आणि निघण्यापूर्वी सवयीप्रमाणे तबकडीवर रेघा ओढून तळ्यावर एक लांब धाव घेतली. काटा स्थिर होता, पुल्या कोमट होत्या, तरी कडेजवळची शाई पुसलीच गेली नव्हती.

त्या रात्री, म्हणजे सांगलीत सकाळ होती तेव्हा, मामांना व्हिडिओवर फोन लावला आणि गॅरेजच्या दिव्याखाली क्लच दाखवला. मामा आता ऐंशीच्या घरात आहेत आणि गॅरेज त्यांचा मुलगा चालवतो. स्लेड त्यांनी कधी पाहिलेली नाही. बर्फात एवढे इंजिन कशाला लागते, हा प्रश्न ते दर वेळी विचारतात. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, चष्मा वर केला आणि म्हणाले, “अरे, शाई वर शिल्लक आहे की. बेल्ट शेवटपर्यंत चढतच नाही.” मी सांगितले की फेरे बरोबर आहेत. “फेरे बरोबर असू देत. पुढे काय आहे? साखळी आहे ना? किती दातांचं चाक आहे वर?” तेवीस, मी म्हणालो. “मग गाडीला तेवढं ओढवत नाही. वजनं कशाला बदलत बसलायस? चाक लहान घाल.” आणि लगेच पुढचा प्रश्न आला, की तो बेल्ट तिकडे केवढ्याला पडतो. दीडशे-दोनशे डॉलर, असे मी सांगितल्यावर पलीकडे मामा, मामी आणि मामेभाऊ यांच्यात बराच वेळ रुपयांचा हिशेब चालला.

एकवीस दातांचे चाक मागवले आहे. ते बसले की इंजिनावरचा भार हलका होईल, फेरे वर जातील, आणि वजने पुन्हा पहिल्यापासून लावून पाहावी लागतील. शेजाऱ्याच्या स्लेडमधून काढलेली ती तीन ग्रॅम जड वजने माझ्याकडेच आहेत. सुरुवात त्यांच्यापासूनच करीन म्हणतो.